आधी मागच्या सीटवर बसून पाहा

पत्राचा गोषवारा: पत्रलेखक ४१ वर्षांचे आहेत. घरी पत्नी, ८ वर्षांची मुलगी आणि ३ वर्षांचा मुलगा. स्पोर्ट्स कारची हौस कॉलेजपासूनची. नवी गाडी परवडणार नाही, म्हणून सेकंडहँड घ्यायचं ठरवलं आहे. सध्याची पाच सीटची साधी गाडी विकायची, त्यात साठवलेले पैसे घालायचे आणि घरात ती एकच गाडी ठेवायची, असा बेत आहे. मनात पोर्शे ९११ आहे, 'कारण तिला चार सीट आहेत आणि तिची किंमत पडत नाही.' बीएमडब्ल्यू एम३ आणि दोन सीटची माझ्दा एमएक्स-५ याही डोक्यात आहेत. पत्नी विरोध करत नाही, 'तुला हवी असेल तर घे' एवढंच म्हणते, आणि त्या उत्तरावर ते अडले आहेत. कुटुंबाला चालेल आणि पैसेही बुडणार नाहीत अशी कोणती गाडी घ्यावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

नमस्कार,

वीस वर्षं मनात धरलेली हौस चाळिशीत पुरी करायला काहीच हरकत नाही. हे सुरुवातीलाच सांगते, म्हणजे पुढचे प्रश्न तुम्हाला आडकाठी वाटणार नाहीत. तुम्हाला आवडती गाडी मिळावी आणि ती घरात सगळ्यांना आवडावी, असं मला मनापासून वाटतं.

पत्र वाचताना एक गोष्ट खटकली. गाडीची किंमत टिकेल हे तुम्ही वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा लिहिलं आहे, पण ती चालवताना काय वाटतं हे कुठेच नाही. तुम्ही ९११ कधी चालवून पाहिली आहे की नाही, तेही कळत नाही. मला वाटतं, किमतीचा मुद्दा तुम्हाला स्वतःसाठी फारसा नको आहे. एवढा खर्च घरात मांडायचा तर हाताशी भक्कम कारण असावं, म्हणून तो आला आहे. तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण त्या कारणावर गाडी निवडली, तर हौसही अर्धी राहते आणि हिशेबही फसतो.

९११ ची किंमत इतर गाड्यांच्या मानाने चांगली टिकते, हे खरं. १९६४ पासून ती सलग बनते आहे, तिचा आकार आजही लांबून ओळखू येतो, जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळत राहतात, त्यामुळे तिला गिऱ्हाईक कायम असतं. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या, म्हणजे १९९८ पर्यंतच्या गाड्या तर आता संग्राहक जपून ठेवतात. पण ज्या गाड्यांना चढा भाव मिळतो त्या असतात कशा? कमी धावलेल्या, मॅन्युअल गिअरच्या, मूळ रंग शाबूत असलेल्या, काहीही फेरफार न केलेल्या आणि सर्व्हिसचा प्रत्येक कागद जपलेल्या. तुम्हाला मात्र त्याच गाडीने मुलांना शाळेत सोडायचं आहे, बाजारहाट करायचा आहे आणि सुट्टीत लांबही जायचं आहे. वर्षाला बारा-पंधरा हजार किलोमीटर सहज होतील. किंमत टिकवायची तर गाडी क्वचित बाहेर काढायची, आणि घरासाठी घेतली तर रोज काढायची. कमी धावलेल्या गाडीला तुम्ही जो जास्तीचा भाव द्याल, तो शाळेच्या फेऱ्यांमध्येच संपून जाईल.

म्हणून रोज वापरायची असेल तर उलटं करा. ऐंशी-नव्वद हजार किलोमीटर झालेली, पण नियमित चाललेली आणि नोंदी पूर्ण असलेली गाडी शोधा. सुरुवातीच्या वर्षांतली मोठी घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते आणि तुमच्या वापराने तिचा भाव फारसा हलत नाही. वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी आकड्यांत कोवळी दिसते, पण तिची रबरी सीलं सुकतात, टायर एका बाजूने चपटे होतात, ब्रेक डिस्कवर गंज धरतो. ओडोमीटरवरचा लहान आकडा पाहून भुलू नका.

दुसरी गोष्ट अशी, की किंमत टिकली म्हणजे पैसे वाचले असं नाही. सेकंडहँड स्पोर्ट्स कार अर्ध्या किमतीत मिळते, पण तिचे ब्रेक, टायर आणि क्लच अर्ध्या किमतीत मिळत नाहीत. ते नव्या गाडीच्याच भावाने येतात. काही गाड्यांना सिरॅमिक ब्रेक असतात. त्यांच्या डिस्क बदलायची वेळ आली, की गाडी स्वस्तात पडल्याचा आनंद एका दिवसात जातो. समजा, गाडी शंभरला घेतली आणि पाच वर्षांनी नव्वदला विकली. नुकसान दहाचं दिसतं. पण मधल्या काळात विमा, टायरचे संच, ब्रेक, मोठी सर्व्हिस आणि एखादी न ठरवलेली दुरुस्ती यांत तीस गेले असतील, तर खरं नुकसान चाळीसचं. त्याऐवजी चपळ हॅचबॅक पन्नासला घेतली, वर बारा खर्च केले आणि ती तीसला विकली, तर नुकसान बत्तीसचं, आणि उरलेले पन्नास पहिल्या दिवसापासून तुमच्याजवळच. हे आकडे फक्त समजण्यासाठी धरले आहेत. तुम्ही ज्या गाड्या बघताय त्यांच्या विम्याचा हप्ता, टायरचा भाव आणि मोठ्या सर्व्हिसचा खर्च आधी विचारून घ्या आणि हाच हिशेब तुमच्या आकड्यांनी पुन्हा करा. तुम्ही कोणतीही गाडी घ्या, तिच्या किमतीच्या पंधरा-वीस टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायला मी सांगेन. ती ठेवून जी गाडी बसत नसेल, ती तुमच्या बजेटची नाही.

आता चार सीटबद्दल. ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं आणि डिकी पुढे. मधे जी जागा उरते, तिच्यात मागच्या दोन छोट्या सीट बसवलेल्या असतात, पाठ जवळजवळ उभी आणि पाय ठेवायला जेमतेम जागा. (९११ च्याच जीटी३ या शर्यतीच्या धाटणीच्या मॉडेलमध्ये तर बहुधा मागे सीटच नसतात, त्यामुळे जाहिरातीत नुसतं '९११' वाचून धावू नका.) तुमचा तीन वर्षांचा मुलगा तिथे मजेत बसेल, आठ वर्षांची मुलगीही आज बसेल. पण चार वर्षांनी ती बारा वर्षांची असेल, तिचे गुडघे पुढच्या सीटला टेकतील आणि ती मागे बसायला कुरकुर करेल. म्हणजे कुटुंबाची गाडी म्हणून ९११ तुम्हाला तीन-चार वर्षंच पुरेल. तेवढी वर्षं तुम्हाला पुरेशी वाटत असतील तर जरूर घ्या, फक्त हे माहीत असून घ्या.

आणि आजचा दिवसही डोळ्यांसमोर आणून बघा. दोन दारांच्या कूपेची दारं लांब असतात. दोन गाड्यांच्या मधे उभी केली, की दार अर्धंच उघडतं. मुलगा झोपलेला, तुमच्या खांद्यावर. एका हाताने दार शेजारच्या गाडीला लागू नये म्हणून धरायचं, पुढची सीट वाकवायची, तिरकं होऊन आत शिरायचं आणि त्याला सीटमध्ये ठेवून त्याच्या अंगाखाली गेलेलं पट्ट्याचं बक्कल बोटांनी चाचपून शोधायचं. पाऊस असेल तर तुमची पाठ बाहेर भिजते. पहिल्या महिन्यात याचं काही वाटत नाही. दोन वर्षं रोज दोन वेळा हे करणाऱ्या माणसाला वाटतं, आणि तुमच्या घरी ते माणूस बहुधा फक्त तुम्ही नसाल.

म्हणून गाडी बघायला जाताना मुलांच्या सीट घेऊन जा आणि त्या तिथेच बसवून बघा. मुलांची सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हूक सगळ्या गाड्यांत आणि सगळ्या सीटवर नसतात, ते हाताने चाचपून खात्री करा. मुलांना उंची साधारण १३५ ते १५० सेंटीमीटर होईपर्यंत बूस्टर लागतो, देशोदेशी नियम थोडा वेगळा आहे. तुमच्या मुलीलाही अजून काही वर्षं तो लागेल. पुढची सीट तुमच्या उंचीला लावा, मग तिच्या मागे मुलीला बसवा. शेवटी तुम्ही स्वतः मागे बसा, दार लावून घ्या आणि पत्नीला दहा मिनिटं गाडी चालवू द्या. ज्या वाचकांकडे तान्हं बाळ आहे त्यांनी आणखी एक पाहावं: पाठमोरी बेबी सीट पुढच्या सीटवर ठेवायची तर समोरची एअरबॅग बंद करता आलीच पाहिजे. दोन सीटच्या गाडीत दुसरी जागाच नसते, तेव्हा तशी सोय नसेल तर त्या गाडीत बाळाला नेऊ नये.

माझा खरा आक्षेप मात्र तुमच्या गाडीच्या निवडीला नाही, 'एकच गाडी' या बेताला आहे. शाळा, सामान, आजी-आजोबा, लांबचा प्रवास, वीस वर्षांची हौस आणि वर टिकाऊ किंमत, हे सगळं तुम्ही एकाच गाडीकडून मागताय. त्यापेक्षा साधी गाडी विकूच नका. जुनी पाच सीटची गाडी विकून तसे फार पैसे येणार नाहीत, आणि ती घरात राहिली, की स्पोर्ट्स कारवरचं अर्धं ओझं उतरतं. बजेट कमी होईल, पण रोजची धावपळ साध्या गाडीने झाली तर स्पोर्ट्स कारचे किलोमीटर कमी राहतील आणि तुम्हाला हवी ती किंमतही खरोखर टिकेल. दुरुस्तीसाठी ती तीन आठवडे गॅरेजमध्ये पडून राहिली तरी कुणाची शाळा बुडणार नाही. दोन गाड्यांचा विमा आणि उभं करायची जागा हा खर्च वाढेल, तो मात्र हिशेबात घ्या.

दोन गाड्या ठेवता येत असतील, तर तुम्ही ९११ घ्यावी असं मी म्हणेन. वर्ष मात्र नीट निवडा. १९९७ च्या अखेरीपासून २००८ पर्यंतच्या साध्या कॅरेरा, म्हणजे ९११ च्या मूळ मॉडेलच्या, गाड्यांमध्ये इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग, म्हणजे आयएमएस बेअरिंग, हा ओळखीचा दुखरा भाग आहे. ते फुटलं तर इंजिन जातं. पुष्कळ मालकांनी क्लच बदलताना ते बदलून घेतलं आहे, त्याची पावती मागा. शेवटच्या काही वर्षांत मोठं बेअरिंग आलं. ते क्वचित फुटतं, पण इंजिन न उघडता बदलताही येत नाही. त्याच काळातल्या टर्बो आणि जीटी३ यांची इंजिनं वेगळ्या घडणीची, त्यांना हा त्रास नाही. २००९ च्या मॉडेलपासून नवं इंजिन आलं, त्यात तो शाफ्टच नाही. घरात लहान मुलं असलेल्या तुमच्यासारख्यांनी जमेल तर त्यापुढचीच घ्यावी. त्याआधीची घेणार असाल, तर सिलिंडरच्या आत बारीक कॅमेरा घालून भिंतींवर ओरखडे आहेत का, हे तपासून घ्या.

एकच गाडी परवडणार असेल तर माझं उत्तर बदलतं. मग चार दारं हवीतच. एम३ घ्यायची तर सेडान घ्या. २००७ ते २०१३ या पिढीच्या एम३ ला चार लिटरचं व्ही८ इंजिन आहे. ते इंजिन मला फार प्रिय आहे, आणि ती गाडी सेडानमध्येही मिळत असे. मागे दोन मुलं आणि एक आजी आरामात बसतात. पण त्या इंजिनाची कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं झिजतात, आणि ती वेळेत बदललेली नसतील तर पुढचा खर्च फार मोठा. २०१४ ची पिढी टर्बो सहा सिलिंडरची, आणि तेव्हापासून एम३ दोन दारांत येत नाही, कूपेला एम४ नाव मिळालं. व्ही८ च्या आधीची, २००० ते २००६ ची एम३ चार दारांत आलीच नाही. शिवाय तिच्या मागच्या अॅक्सलची चौकट ज्या पत्र्यावर बसते तो पत्रा तडकतो, हे खालून बघितल्याशिवाय कळत नाही.

तुमच्या यादीत नसलेलं एक नाव सुचवते: होंडा सिव्हिक टाइप आर, २०१७ नंतरची. पाच दारं, ऐसपैस डिकी, दोन लिटर टर्बो, आणि मागे बरोबर दोघांची बैठक, म्हणजे तुमच्या घराच्या मापाची. फेरफार न केलेल्या गाड्यांना मागणीही चांगली असते. ही फक्त सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये येते. इथे मला विचारायचंच आहे, तुमच्या पत्नीला मॅन्युअल आवडतं का? फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयचा विचारही जरूर करा. वेगवान गाडी घरच्या कामाला चालते, हे ती १९७६ पासून दाखवते आहे.

एका गाडीपासून सावध करते, कारण तुमच्यासारखा वाचक तिच्याकडे हमखास वळतो. माझ्दा आरएक्स-८, २००३ ते २०१२. खरी स्पोर्ट्स कार, चार सीट, मागची छोटी दारं उलटी उघडणारी, किंमत अगदी कमी. कागदावर हेच हवं होतं असं वाटतं. पण तिचं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी आत फिरणारे रोटर असलेलं) ऑइल जाळतं, तशी त्याची घडणच आहे, आणि आतली सीलं झिजली की कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, जातं. इंजिन गरम असताना रोटरीसाठीच्या खास उपकरणाने कॉम्प्रेशन मोजून घेता येत नसेल, तर ती घेऊ नका. एमएक्स-५ सुंदर गाडी आहे, सांभाळायला स्वस्त, बिघाड कमी. पण चार माणसांच्या घरात ती दुसरी गाडी म्हणूनच शोभते. खरं सांगायचं तर साधी गाडी ठेवून वर एमएक्स-५ घेतलीत, तर कमी पैशांत ९११ इतकाच आनंद मिळू शकतो. दोन्ही चालवून बघितल्याशिवाय हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही सांगता येणार नाही.

आता 'तुला हवी असेल तर घे.' तुमच्या पत्नीच्या मनात काय आहे ते मला इथे बसून ओळखता येणार नाही, पण हा होकार नाही. या वाक्यात गाडी फक्त तुमची आहे. किंमत टिकते हे पटवून ते बदलणार नाही, कारण त्यांनी पैशाचा आक्षेप घेतलेलाच नाही. त्यांना गाडी पटवायला जाऊ नका, विचारायला जा. रोज कोण चालवणार, मुलाला आत-बाहेर कोण करणार, साध्या गाडीचं काय करायचं, या पैशांतून त्यांच्या मनातलं काय मागे पडतंय, हे विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. त्यांचीही काही हौस बाकी असेल, ती कदाचित कुणी विचारलेलीच नसेल. मग शक्य असेल तिथून तुम्हाला हवी तशी गाडी शनिवार-रविवारसाठी भाड्याने घ्या आणि चौघांनी नेहमीची कामं तिनेच करा. सोमवारी दोघांचंही मत जास्त स्पष्ट असेल.

बघायला जाताना काय तपासायचं, हे शेवटी सांगते, आणि ते सगळ्याच वाचकांच्या कामाचं आहे. ती गाडी रोज हाताळणाऱ्या, विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून लिफ्टवर चढवून तपासणी करून घ्या. त्याची फी वाचवू नका. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं. मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो, एखाद्या दारावर आकडा अचानक कित्येक पटींनी वाढला तर तिथे पुट्टी भरून रंग दिलेला आहे. टायरच्या कडेला चार अंकी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच वयाचे असतील तर मालकाने हात आखडता घेतला नाही असं समजायला जागा आहे. एका बाजूला महागडं, दुसऱ्या बाजूला मिळेल ते टायर असेल तर इतर ठिकाणीही तसंच झालं असावं. इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवलं गेलं, याची नोंद पोर्शेच्या संगणकात राहते, ती वाचून घ्या. सर्व्हिस बुकातल्या तारखा आणि किलोमीटर पावत्यांशी जुळवा.

आणि गाडी थंड असतानाच सुरू करून बघायची आहे, हे फोनवरच सांगून ठेवा. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावा, ९११ असेल तर मागच्या झाकणाला. ते गरम लागलं, तर गाडी आधीच चालू करून ठेवलेली आहे. त्या दिवशी व्यवहाराचं काहीच बोलू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता वेळेआधी जा.